आवाज तुटू नये म्हणून

ग्यानीजींशी बोलताना वाक्य पूर्ण करायची भीती वाटायची. तुम्ही म्हणायला लागलात, "आई विचारतेय, तुमच्याकडे विळा आहे का?" की ‘विळा आहे का’ हे शब्द तुमच्या तोंडातून निघत असतानाच त्यांच्याही तोंडातून निघत. मागाहून नाही, आधीही नाही. बरोबर. तुमच्याच पट्टीत, तुमच्याच चालीत. मग तुमचा आवाज थांबायचा आणि त्यांचा तसाच पुढे चालायचा, "...हाय नं, मागं टांगला हाय, पन धार नाई त्याले." एक माणूस कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, ते कळायचं नाही.

आलापल्लीच्या बाजारात भाजी विकणारी बाई त्यांना तोंडावर म्हणायची, "भाऊ, एक तं तुमी बोला, नाई तं मले बोलू द्या. माह्या तोंडातलं काऊन ओढून घेता?" चहावाला तर त्यांच्याशी बोलतच नसे. ग्लास पुढे सरकवायचा आणि मान हलवायचा. मी एकदा कारण विचारलं तर तो म्हणाला, "बाई, त्या बुढ्याले आपलं बोलनं आपल्याबरोबरच सुचते. उद्या मी मरतो म्हनीन आन् तोबी संगंच म्हनीन. मंग?"

आरागिरणीच्या मागे दोन खोल्यांचा गुरुद्वारा होता, तिथे ते ग्रंथ वाचायचं काम करत आणि राहत. सागाची वाहतूक करणारी चार-पाच शीख कुटुंबं तेव्हा गावात होती. त्यांनीच तो बांधलेला. वर पत्रे, दारात उंच खांबावर केशरी झेंडा, आणि पलीकडे लगेच जंगल. ग्यानीजी फाळणीनंतर काही वर्षांनी एका रिकाम्या ट्रकच्या मागे बसून इथे आले आणि राहिले, एवढंच लोकांना माहीत होतं. उंच, थोडे वाकलेले, निळी पगडी, कमरेला वीतभर कृपाण. बोलायचे आमच्याकडचीच मराठी, पण मध्येच "पुत्तर" म्हणायचे, तेव्हा ते दूरचे आहेत हे आठवायचं.

त्यांच्या सवयीचं कारण मला त्यांनीच सांगितलं. तरुणपणी ते गावोगाव फिरून अखंड पाठ करत. म्हणजे शिखांचा धर्मग्रंथ पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत एका दमात वाचायचा. दोन दिवस, दोन रात्री. वाचणारे बदलतात, आवाज तुटत नाही. पुढचा वाचणारा हातपाय धुऊन येतो, शेजारी बसतो, पानावर नजर लावतो. चालू ओळ दोघं मिळून म्हणतात, आणि मग पहिला हळूच थांबून उठतो. "उभी जवानी ह्याच्यात गेली," ते म्हणाले. "आता कोनी बोलता बोलता थांबनार असं वाटलं का माही जीभ आपोआप उचलते. आवाज तुटू नये म्हनून."

माझ्या बाबांची तेव्हा आलापल्लीच्या वनखात्याच्या कार्यालयात बदली झाली होती. मी नागपूरला होस्टेलात राहून बी.ए. झाले होते, सगळं शिक्षण इंग्रजीतून, आणि आता घरी बसून होते. मला लोकांसमोर बोलता येत नसे. येत नसे म्हणजे शब्द यायचे, घशात थांबायचे. आमचं क्वार्टर गुरुद्वाऱ्याला लागून, मध्ये फक्त एक भिंत.

पहिले काही दिवस मला वाटलं, भिंतीपलीकडे कुणी म्हातारा आजारी माणूस आहे. पहाटे ग्यानीजींचा मऊ आवाज यायचा, "उठा जी महाराज, सकाळ झाली." दुपारी उकाडा वाढला की, "पंखा लावतो, महाराज." संध्याकाळी झोपवण्याची तयारी, पलंग झटकल्याचा आवाज. पण दुसऱ्या माणसाचा खोकला नाही, कण्हणं नाही, कधी एक शब्द नाही. इतकं निमूट झोपणारं, इतकं निमूट उठणारं कोण असेल, या विचाराने मी अंथरूण भिंतीपासून लांब ओढलं होतं. मग एका सकाळी खिडकीतून पाहिलं. ग्यानीजी रेशमी कापडात गुंडाळलेलं काहीतरी डोक्यावर घेऊन, अनवाणी, एकेक पाऊल जपून टाकत छोट्या खोलीतून मोठ्या खोलीत चालले होते. तो ग्रंथ होता. त्यांच्यासाठी तो पुस्तक नव्हता, गुरू होता. दहाव्या गुरूंनी आपल्या नांदेडात देह ठेवताना सांगून ठेवलं की यापुढे माणूस गुरू होणार नाही, ग्रंथच गुरू. म्हणून त्याला उठवायचं, वारा घालायचा, निजवायचं.

आम्ही बौद्ध. आमच्या घरात बुद्धाची मूर्ती होती, आणि तिच्यापेक्षा जास्त जागा पुस्तकांनी अडवली होती. बाबा जेवताना म्हणाले, "पुस्तक जागं ठेवायचं असतं. झोपवायचं कशाला?" दुसऱ्या दिवशी ते कुंपणाशी ग्यानीजींना हेच म्हणाले. ग्यानीजींनी ‘झोपवायचं कशाला’ बाबांच्या सोबतच म्हटलं, आणि पुढे म्हणाले, "साहेब, जे झोपत नाई त्याले जागं कसं म्हनाव?" बाबा हसले.

मी त्यांच्याकडून गुरुमुखी अक्षरं शिकले त्याचं कारण सांगायला आजही संकोच वाटतो. मला अशी लिपी हवी होती जी घरात कुणाला वाचता येणार नाही. मी डायरी लिहायचे, आणि आई टेबल आवरायची. ग्यानीजींना हे कारण सांगितलं तेव्हा ते इतके हसले की पगडी सावरावी लागली. "म्हंजे चोरीसाठी शिकून राह्यली! चाल, बस. चोरसुद्धा आधी ‘ऊड़ा’च गिरवते." ‘ऊड़ा’ म्हणजे तिथलं पहिलं अक्षर. पाटीवर काढून दाखवताना ते पाटी डोळ्यांच्या अगदी जवळ नेत. नंतर नंतर पाटी बघतच नसत, माझं बोट धरून हवेत फिरवत. मला वाटलं, ही शिकवायची पद्धत असेल.

दुपारच्या वेळी ते एकटेच बसून वाचत. उन्हाळ्यात सागाची पानं गळालेली असत, आणि रान इतकं मोकळं दिसे की त्याची भीती वाटे. दूर कुठे कुत्रं चाललं तरी वाळल्या पानांचा कराकरा आवाज माणूस चालल्यासारखा यायचा. अशाच एका दुपारी वाचन संपवून ते मला म्हणाले, "पुत्तर, तुले दिसते का कोनी माह्या बाजूले?"

बाजूला सतरंजीची रिकामी पट्टी होती. मी नाही म्हटलं.

"येऊन बसते," ते म्हणाले. "लय दिवसांचं येते. माह्यासंगं वाचते. ओळ संपत आली का त्याचा आवाज मले माह्या आवाजाखाली ऐकू येते. मी थांबलो का ते पुढं वाचनार."

"मग थांबून बघा ना," मी म्हटलं. एवढं मोठं वाक्य मी तोवर त्यांच्यापाशीच बोलू शकत असे.

त्यांनी मान हलवली. "आन् त्यानं खरंच वाचलं तं?"

त्यांचे डोळे गेलेत हे मला त्यानंतर महिन्याभरात कळलं. ते वाचत होते, मी समोर बसून पानावरची अक्षरं एकेक करून जुळवत होते. मोठा, लयीत चाललेला आवाज. पंख्याच्या वाऱ्याने पान उचललं आणि उलटून पडलं. ते वाचत राहिले. मी नव्या पानावरचा पहिला शब्द जुळवला, दुसरा जुळवला. ते म्हणत होते ते तिथे नव्हतं. आवाज एका ठिकाणी होता आणि पान दुसरीकडे. मी हात पुढे करून पान परत उलटवलं, आणि त्या सळसळीवर ते पहिल्यांदाच अडखळले.

"तुले समजलं," ते म्हणाले.

मोतीबिंदू नव्हता, आतलं काही वाळलं होतं. चंद्रपूरच्या डॉक्टरने हात टेकले होते. पानावरचं अक्षर दोन वर्षांपूर्वीच दिसेनासं झालं होतं; तेव्हापासून ते पाठ असलेलं म्हणत होते आणि आठवणीनेच पानं उलटत होते. कोणतं पान कोणत्या शब्दावर संपतं तेही त्यांना पाठ होतं. "पन नजर पानावर पायजे, पुत्तर. पाठ असलं तरी. नजर नाई तं ते वाचनं नाई, नुसतं बोलनं हाय."

"मग सांगून टाका त्यांना."

"सांगतलं तं उठवतीन. इथी वाचनारा राहते. जो वाचत नाई तो कोन? मी दुसरं काय करू शकतो, सांग बरं?"

त्या दिवसापासून मी त्यांच्या बाजूची झाले. ठरलं एवढंच, कधी लोकांसमोर दोन पानं एकदम उलटली गेली, तर मी खोकायचं.

त्या वर्षी, चौऱ्याऐंशीच्या नोव्हेंबरात, दिल्लीकडच्या बातम्या रेडिओवर अर्ध्याच येत. आमच्या गावात काही झालं नाही. फक्त एका सकाळी गुरुद्वाऱ्याच्या दारात कुणीतरी ट्रकचा जुना टायर ठेवून गेलं होतं. पेटवलेला नव्हता. नुसता ठेवलेला, नीट मधोमध, आणि त्याला रॉकेलचा वास होता. बाबांनी तो स्वतः गडगडवत नेऊन लाकूड डेपोच्या मागे टाकला आणि हात तीनदा धुतले. त्या टायरबद्दल गावात कुणीही, एकदाही बोललं नाही.

त्या शीख कुटुंबांतल्या एका ट्रकमालकाच्या बायकोला सगळे बीजी म्हणत. त्यांचा मोठा मुलगा सागाचा माल घेऊन उत्तरेकडे गेला होता आणि त्याचा पत्ता नव्हता. दोन आठवडे झाल्यावर बीजींनी त्याच्यासाठी अखंड पाठ ठेवला. बल्लारपूरहून दोन वाचणारे आले. तिसरे ग्यानीजी. बीजी त्यांना म्हणाल्या, "ग्यानीजी, माझा विश्वास तुमच्या आवाजावर आहे. आवाज तुटायला नको, बस. तुटला तर मी काय समजू?" ‘काय समजू’ हे ग्यानीजींनी त्यांच्यासोबत म्हटलं, आणि पहिल्यांदाच पुढे काही जोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी त्यांची पाळी होती. गिरणी बंद ठेवलेली. खोलीत तीसेक माणसं, दारापाशी रानातल्या गावच्या दोन गोंड बाया टोपल्या बाजूला ठेवून बसलेल्या. मी पहिल्या रांगेत, बीजींच्या मांडीला मांडी लावून. ग्यानीजींचा आवाज पाण्यासारखा चालला होता.

मग त्यांच्या बोटांनी तीन पानं एकदम उलटली.

मी पाहिलं. मी खोकायचं होतं. नुसतं खोकायचं. पण बीजींचे डोळे मिटलेले होते, त्यांचे ओठ हलत होते, मागे तीस माणसं होती, आणि माझ्या घशातून काही येईना. पुढच्या पानाला खोकू, असं मी ठरवलं. पुढचं पान गेलं. त्याच्या पुढचंही गेलं. आवाज तसाच पाण्यासारखा, आणि समोरची अक्षरं कुठली भलतीच. त्या दोहोंमधली फट फक्त मला दिसत होती, आणि ती बघत मी बसून राहिले.

दोन वाजता बल्लारपूरचा तरुण वाचणारा हात पुसत आला. शेजारी बसला. पानावर वाकला. ओळ शोधू लागला. त्याचं बोट वरून खाली गेलं, पुन्हा वर आलं. त्याने घाबरून ग्यानीजींच्या तोंडाकडे पाहिलं. दोन पानं मागे. एवढेच शब्द मला म्हणायचे होते. मी सतरंजीचा धागा बघत होते.

ग्यानीजी वाट पाहत होते. शेजारी माणूस बसल्याचं त्यांना कळलं होतं, पण त्याचा आवाज येत नव्हता. त्यांनी चालू ओळ पुन्हा म्हटली, त्याला धरता यावी म्हणून. पुन्हा म्हटली. चौथ्यांदा म्हणताना त्यांचा आवाज हळू झाला, म्हाताऱ्या माणसाचा झाला. बीजींनी डोळे उघडले.

आणि ते थांबले.

बाहेर कुठेतरी सागाची मोठी पानं एकमेकांवर घासत होती. इतक्या वर्षांत त्या खोलीत ते कधी कुणाला ऐकू आलं नसेल. ग्यानीजींनी हात जोडले आणि म्हणाले, "मले दिसत नाई. दोन वर्सं झाली."

बीजी ओरडल्या नाहीत. त्यांनी हळू विचारलं, "मग दोन वर्षं तुम्ही जे वाचलं, ते काय होतं?"

"पाठ हाय मले."

"पाठ आहे म्हणजे बरोबर आहे?"

ग्यानीजी चाचपडत उठले आणि त्यांनी जागा सोडली.

संध्याकाळी पाठ पुन्हा पहिल्या पानापासून सुरू झाला. तिसरा वाचणारा जीपने आणवला. बीजींचा मुलगा पुढच्या आठवड्यात परत आला, जिवंत, केस आणि दाढी कापलेली. कानपूरजवळ एका ट्रक क्लीनरने त्याला आपला भाऊ सांगून वाचवलं होतं. बीजींनी दारातच आपली ओढणी त्याच्या डोक्यावर टाकली आणि मगच त्याला आत घेतलं. पुरुष मंडळींचं म्हणणं होतं की ग्यानीजींना नांदेडला पाठवावं, तिथे म्हाताऱ्यांची सोय होते. बीजी म्हणाल्या, "राहू द्या. पण वाचायला महाराजांच्या मागे बसायचं नाही."

ते दाराबाहेर बसू लागले, लोकांच्या चपला-जोडे पुसून जोडीने लावत. तीही त्यांच्यात सेवाच असते, मोठमोठे लोक करतात. पण त्यांनी आता कुणाच्या शब्दात शब्द मिसळला नाही. तुम्ही काही बोललात की तुमचं वाक्य शेवटपर्यंत तुमच्या एकट्याचंच राहायचं, आणि ते संपल्यावर ग्यानीजी नुसते तुमच्या दिशेला तोंड करून असायचे. चहावाला मला म्हणाला, "बाई, हे तं त्याच्यापेक्षा बेक्कार हाय."

मी महिनाभर त्या दाराने गेलेच नाही. मग एका दुपारी गेले आणि उभ्याउभ्याच म्हटलं, "मी खोकले नाही."

"ठाऊक हाय. मी ऐकून राह्यलो होतो नं." राग नव्हता. त्यांनी हातातला जोडा खाली ठेवला. "आता एक काम कर. माह्या खोलीत त्याच ग्रंथाची अभ्यासाची पोथी हाय, दोन भागांतली. ते घे. मी म्हनतो, तू पानावर पाय. बीजीनं विचारलं त्याचं उत्तर मले पायजे. चुकलं तं सांग. ह्या वेळेस सांगजो."

आम्ही रोज दुपारी बसू लागलो, ते भिंतीला टेकून, मी पोथी मांडीवरच्या पाटावर ठेवून. ते म्हणत, मी बोट फिरवत जाई. एक काना चुकला नाही. एक मात्रा नाही. दहा दिवस, पंधरा दिवस. त्यांचा चेहरा दिवसागणिक सैल होत चालला. मलाही वाटू लागलं की आता मी बीजींकडे जाऊन सांगू शकेन, तुमची दोन वर्षं खरी होती.

विसाव्या की एकविसाव्या दिवशी, त्याच लयीत, त्याच सुरात, एक ओळ आली जी पानावर नव्हती.

मला वाटलं माझंच बोट घसरलं. मी वर पाहिलं, खाली पाहिलं, पान उलटून पाहिलं. ते पुढे गेले होते, पुढचं सगळं बरोबर होतं. मी त्यांना थांबवलं आणि मागची ओळ परत म्हणायला सांगितली. त्यांनी म्हटली. पुन्हा तीच. पंजाबी आता मला थोडी कळायची. ‘तेजो, विहिरीपाशीच थांब, आम्ही परत येतो.’ इतकी बेमालूम बसली होती ती तिथे. दोन वर्षं लोक तिच्यापुढे डोकं टेकवत आले होते.

या वेळी मी म्हटलं, "ग्यानीजी, हे इथे नाही."

"कोनतं?"

मी ओळ म्हणून दाखवली. माझ्या तोंडून ती ऐकताना त्यांचा चेहरा असा झाला, जणू घरात अनोळखी माणूस सापडावा. दूर कुणीतरी लाकडावर कुऱ्हाड घालत होतं. ग्यानीजी म्हणाले, "माही बहीण. फाळनीच्या वक्ती आठ वर्साची होती. गाडीत जागा नव्हती." आणि थोड्या वेळाने, "मी हे बोलतो, मले ठाऊकच नाई."

त्यांनी हात पुढे केला. "कुठी म्हनतो मी? बोट ठेव माहं."

मी त्यांचं बोट धरून पानावर ठेवलं, दोन ओळींच्या मधल्या कोऱ्या पट्टीवर. त्यांनी ते हळूहळू डावीकडून उजवीकडे नेलं, पार काठापर्यंत, आणि परत आणलं.

"इथं काहीच नाई?"

"नाही."

"जागा तं हाय," ते म्हणाले.

बोट थोडा वेळ तिथेच राहिलं. मग त्यांनी ते स्वतःच उचलून घेतलं, मांडीवर ठेवलं, आणि त्यावर दुसरा हात दाबून धरला.

"वाच पुढं," ते म्हणाले. "आता तू वाच. मी ऐकतो."